वराहाचार्यांसाठी घेतलेला वास

आमच्या घरी प्रथमच जेवायला बसले तेव्हा डॉक्टरांनी वरणभातावर वाढलेल्या तुपाचा एक कण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेतला, हलकेच चोळला, बोटे खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि माझ्या पत्नीला विचारले, "वहिनी, ही म्हैस सरकी खात होती ना?"

पत्नी वाढता वाढता थांबली. "तूप मी कढवलंय. म्हशीशी माझी ओळख नाही."

"माझीही नाही. पण तूप बोलतंय. हा दाणा बघा कसा टणक पडलाय. हिरव्या गवतावरची असती तर बोटांवर एवढ्यात पाणी झालं असतं."

पत्नीला हा आगाऊपणा वाटला. तरी दुसऱ्या सकाळी तिने दूधवाल्याला गाठलेच. तो म्हणाला, हो, गवत मिळेना म्हणून सध्या सरकीच चालू आहे. घरात येऊन ती एवढेच म्हणाली, "माणूस विचित्र आहे, पण खोटा नाही." तिच्या तोंडून इतकी शिफारस मी फार थोड्यांची ऐकली आहे.

डॉक्टर आमच्या शेजारच्या घरात राहायला आले ते नव्वदीच्या दशकाच्या मध्याच्या सुमारास. वाशीतल्या आमच्या सोसायटीत बहुतेक मंडळी मुंबईतून किंवा देशावरून आलेली, नोकरदार. डॉक्टर मूळचे सावंतवाडीकडचे, सरकारी पशुवैद्य म्हणून निवृत्त झालेले, विधुर. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी डुकरांच्या पैदास केंद्रात घालवला होता, आणि ही गोष्ट ते लपवून ठेवत नसत. कोणी विचारले, "कुठले डॉक्टर?" तर ते प्रसन्न मुद्रेने सांगत, "डुकरांचा." विचारणारा मग पुढचे काही विचारत नसे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात अडवून म्हटले, "काय शास्त्रीबुवा, तुमच्या सोवळ्याच्या दाराला दार लावून आलाय की हो! इकडे आचार्य, तिकडे वराहाचार्य! काय टेन्शन नाय ना?"

ते थट्टेने बोलले, पण मला ते नाव मनापासून आवडले. पृथ्वी रसातळाला गेली तेव्हा ती वर काढायला प्रत्यक्ष भगवंताने जे रूप घेतले, त्या रूपाच्या प्राण्याची ज्याने आयुष्यभर शुश्रूषा केली, त्याला आचार्य म्हणण्यात थट्टा कसली? मी सेक्रेटरींना तसे सांगितले. ते म्हणाले, "तुमी लोक कशालापण शास्त्र लावता," आणि निघून गेले. नाव मात्र राहिले. डॉक्टरांनाही ते कळले, आणि त्यांनी ते पदवीसारखे स्वीकारले.

त्यांची एक खोड होती. कशाविषयीही बोलणे निघाले की ते आधी विचारीत, "त्यानं खाल्लं काय होतं?" अंडे पिवळेधमक निघाले, मध पातळ लागला, शेजारच्या जावयाने भर मांडवात भांडण काढले, सर्वांना हाच प्रश्न. मी स्वतः संस्कृत शिकवण्यात जन्म घालवलेला. खाल्लेल्या अन्नाचा स्थूल भाग बाहेर जातो, मधला अंगी लागतो आणि अतिसूक्ष्म भागाचे मन होते, ही शिकवण मी गुरुजींच्या पायाशी बसून घेतली आणि पुढे वर्गात अनेकदा दिली. पण तो मधला भाग अंगी लागतो म्हणजे नेमके काय होते, हे विचारावे असे मला कधी सुचले नव्हते. ते कुतूहल डॉक्टरांनी माझ्यात जागवले.

एका डिसेंबरात त्यांनी मला त्यांच्या खिडकीशी नेले. तिथे खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. वाशीची थंडी ती काय, पण त्या पहाटे खोबरेल पांढरे होऊन बसले होते. शेंगदाण्याचे तेल तसेच पातळ, हलवले की हलणारे.

"डुकराच्या पोटात एकच खण असतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्याला जे तेल खायला घालाल, तेच तेल थोड्याफार फरकानं त्याच्या कातडीखाली जाऊन बसतं. ज्या तेलाला इथं गोठता येत नाही, ते त्याच्या अंगात तरी कसं गोठणार? दाणे खाल्लेल्याची चरबी मऊ, ओघळती. खोबऱ्याच्या पेंडीवर वाढलेल्याची घट्ट, पांढरी."

"मग म्हैस?" मी विचारले. "तिच्याही तुपात सरकी उतरलीच ना?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "वा! पूर्वपक्ष उत्तम आहे. गाईम्हशींच्या पोटात चार खण. पहिल्याच खणात खाल्लेलं आंबतं, बदलतं, बरंचसं घट्ट होतं. त्या खाल्लेलं पुष्कळ बदलतात, पण सगळं नाही. तेवढी सरकी तुमच्या तुपात आली. डुक्कर मात्र फारसं काही बदलत नाही. जे दिलंत ते ठेवून घेतं. इतकं प्रामाणिक जनावर दुसरं नाही, शास्त्रीबुवा."

आणि त्यापुढची गोष्ट त्यांनी सांगितली ती टिकण्याची. पातळ राहणाऱ्या तेलाच्या घडणीत काही हात मोकळे असतात. हवा येऊन ते हात धरते, आणि मग चरबी खवट होते. घट्ट चरबीचे हात आपापसांत गुंतलेले, तिथे हवेला धरायला जागा कमी. शिवाय हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असते. ते जनावराच्या अंगात साठते आणि मेल्यानंतरही चरबीची राखण करीत राहते. मेल्यानंतरही राखण! त्या दिवशी संध्येला बसलो असता हे शब्द मनातून जाईनात.

निवृत्त झाल्यावरही डॉक्टर स्वस्थ बसले नव्हते. कामोठ्याच्या बाजूला, जिथे तेव्हा वस्ती विरळ होती आणि खाडीचा वारा सरळ अंगावर येई, तिथे एका खाजगी जागेत त्यांनी डुकरांचे एक छोटे पालनकेंद्र उभे करून दिले होते. करून दिले होते म्हणतो, कारण ते स्वतःसाठी नव्हते. वाशीच्या घाऊक बाजारात ओझी वाहणारा एक साताऱ्याकडचा माणूस पाठीत भरून बसला होता. पुन्हा पोते उचलायचे नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत बायकापोरे, आणि दुसरे कुठलेच काम अंगात नाही. डॉक्टरांशी त्याची ओळख बाजारातच झाली. त्यांनी त्याला सांगितले, "जनावर सांभाळशील? वाकायचं थोडं, उचलायचं नाही." तो तयार झाला. तरुणपणी तो आखाड्यात उतरत असे, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. गावाकडे मात्र त्याने फक्त "जनावरं पाळलीत" एवढेच कळवले होते.

मी एकदा डॉक्टरांबरोबर तिथे गेलो. जावे की न जावे याचा विचार केला होता, नाही असे नाही. पण डोळ्यांना विटाळ मानण्याचे वय उलटून गेले होते, आणि कुतूहल त्याहून मोठे झाले होते. जागा मी कल्पिली होती त्याच्या उलट, धुतलेली आणि नीटनेटकी होती. पैलवान एका पुष्ट डुकराच्या पाठीवर मुठीने मालीश करीत होता.

"ह्यो आमचा गामा," तो मला म्हणाला. "बघा गुर्जी, काय मान हाय! लंगोट तेवढा न्हाई."

"त्याला काय कुस्ती खेळायची आहे?" मी विचारले.

"न्हाई, पर अंगात रग असली म्हंजी जनावराला बी बरं वाटतंय की." डॉक्टरांनी त्या डुकराची पाठ थोपटली आणि म्हटले, "तुकतुकीत दिसतोय." पैलवान लाजला.

त्या डुकरांचे गिऱ्हाईक एकच होते, मार्थाबाय. डॉक्टरांच्याच गावाकडच्या, जुहूगावात राहणाऱ्या, वयस्क ख्रिस्ती विधवा. त्या चोरीस करीत. म्हणजे डुकराच्या मांसाला मीठ, मिरची, लसूण, व्हिनेगर लावून आतड्यात भरलेल्या गाठींच्या माळा, ज्या उन्हात आणि धुरावर वाळवतात. डॉक्टर आणि त्या मालवणीत बोलत, आणि तसे बोलताना डॉक्टर एकदम तरुण दिसत. मार्थाबायच्या मालाचे घेणारे बहुतेक बोटीवर नोकरी करणारे. समुद्रावर महिनोन्‌महिने काढायचे, तर घरची चव बरोबर हवी. चव हवी तशीच ती टिकायलाही हवी.

एका पावसाळ्याच्या अखेरीस मार्थाबाय आमच्या जिन्यात उभ्या राहिल्या. हातात कागदात गुंडाळलेली माळ होती. डॉक्टरांचे दार उघडताच त्यांनी ती पुढे केली.

"डॉक्टरानू, ह्यां बघा. ह्यां चोरीस नाय, ह्यां दिव्यातलां जुनां त्याल. बोटीवरसून परत इला. त्येनी समुद्रात फेकून दिल्यानी म्हणान सांगतत. माझ्या घोवाच्या येळेपासूनचां नाव माझां!"

मी माझ्या दारात होतो. वास इतका दूर येत होता. डॉक्टरांनी माळ घेतली, एक गाठ दाबली. बोटांना तेल लागले. त्यांनी कागद पाहिला. तो पारदर्शक झाला होता. 

"मीठ तितकांच, व्हिनेगर तितकांच, धूर तितकोच. बदललां काय तर डुकर," मार्थाबाय म्हणाल्या. "पैलवानाची डुकरां माका नको. दुसरीकडसून आणतंय. तुमी सांगितलास म्हणान घेतलेलंय."

याचा अर्थ आम्हा तिघांनाही ठाऊक होता. दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मार्थाबायनी पाठ फिरवली की पालनकेंद्र बंद, आणि मोडक्या पाठीचा पैलवान पुन्हा घणसोलीच्या खोलीत बसून.

त्याच दुपारी डॉक्टर कामोठ्याला गेले, आणि त्यांनी मला बरोबर घेतले. पैलवान पाणी मारीत होता. डॉक्टरांनी त्याला जो प्रश्न ते साऱ्या जगाला विचारीत तो प्रथमच विचारला. "मी सांगितलेल्या खुराकाशिवाय ह्यांनी खाल्लं काय?"

पैलवानाने आनंदाने सांगितले, "दाणं!" दाणाबाजारात पोती फाटतात, शेंगदाणे सांडतात, जुने सोबती झाडून ठेवतात आणि तो ते घेऊन येतो. "म्या म्हनलं, आखाड्यात आमास्नी वस्ताद दाणं-गूळ द्यायचं. त्याबिगार अंगाला काय धरतंय? डाक्टर, खरं सांगतो, मी सोता एवढं दाणं कवा खाल्लं न्हाईत. ह्यांच्या तोंडात घातलं."

डॉक्टर तिथल्या कट्ट्यावर बसले. मग त्यांनी सगळे समजावून सांगितले, बाटल्यांसकट. पैलवानाचा चेहरा उतरत गेला. "म्हंजी म्या त्या बायचा धंदा घालिवला?"

"तू एकट्यानं नाही," डॉक्टर म्हणाले. "दर रविवारी येऊन तुकतुकीत म्हणणारा मी होतो. ती तुकतुकी कशाची, हे विचारायला मला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी ते मार्थाबायकडे गेले आणि हेच त्यांच्यासमोर बोलले. सबब सांगितली नाही. मुदत मागितली. काही डुकरे दाण्यावरच ठेवायची, काहींना तांदळाची कणी, जव, खोबऱ्याची पेंड आणि बाजारातला हिरवा पाला द्यायचा. अंगात मुरलेले तेल आठवडाभरात निघत नाही, त्याला अवकाश द्यायला हवा. मग दोन्हींची चरबी वितळवून उघड्या वाटीत ठेवायची, आणि कोणती किती टिकते ते पाहायचे. मार्थाबाय म्हणाल्या, "बघा. पण बघणार कोण? तुमी तर पैलवानाचेच."

डॉक्टर म्हणाले, "आमचे शास्त्रीबुवा."

मला हे संध्याकाळी कळले. "डॉक्टर, मी जन्मात मांसाला शिवलो नाही."

"म्हणूनच! मार्थाबायच्या नाकात लसूण आणि व्हिनेगर मुरलंय. पैलवानाचं नाक माया करतं. तुमचं कोरं आहे. आणि खवट तूप, समईतलं शिळं तेल तुमच्याइतकं कोणाला कळणार? खायचं नाही, शिवायचं नाही. नुसता वास."

पत्नीने ऐकले तेव्हा ती पोळपाटावरून उठलीच. "आज नाकानं, मग उद्या कशानं?"

मी दोन दिवस विचार केला. जे सत्य आहे ते कोणत्या वाटीत आहे यावर त्याची पवित्रता ठरत नाही, असे शेवटी मला वाटले. आणि त्या वाटीच्या निकालावर एका माणसाची चूल अवलंबून होती. पत्नीने तडजोड काढली. "आंघोळीच्या आधी घ्या काय घ्यायचा तो वास. मग थेट मोरीत. देवघराकडे बघायचंसुद्धा नाही तोवर."

असा माझा नवा नित्यक्रम सुरू झाला. डुकरांना अवकाश मिळाला, दोन्ही प्रकारची चरबी आली, आणि डॉक्टरांच्या खिडकीत पातळ फडके झाकलेल्या दोन वाट्या मांडल्या गेल्या. कोणती कोणाची हे मला सांगितले नव्हते. रोज उजाडता मी पंचा गुंडाळून शेजारी जाई, फडके सारून वाकत असे. आरंभी दोन्हींचा वास सारखाच, कोमट दुधाचा, किंचित ओल्या तांदळाचा. मला तो घृणास्पद वाटेल असे मी धरून चाललो होतो. तसे काही झाले नाही.

सेक्रेटरींना कोणीतरी सांगितलेच. ते वर आले. "शास्त्रीबुवा, आमी काय ऐकतो? बिल्डिंगमध्ये डुकराची चरबी? लोक काय बोलतील?"

"वास येतो का खाली?" मी विचारले.

"नाय."

"मलाही अजून येत नाही. तेच तर पाहायचे आहे."

ते जिना उतरता उतरता म्हणाले, "तुमाला पण बिघडवला त्यानी."

मग एका सकाळी डाव्या वाटीत मला जुन्या डब्यात राहिलेल्या शेंगदाण्यांचा वास आला. पुढे तो वाढला, आणि काही दिवसांनी तिथे घराला रंग लावल्यावर येतो तसा कडवट, घशाला लागणारा दर्प होता. उजवी वाटी तशीच. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत, प्रत्येक शब्द ऐकत, आणि पुन्हा पुन्हा विचारीत, "कडवट म्हणजे कारल्यासारखं की जळक्या लसणीसारखं?" त्यांचे हे खोदून विचारणे मला शास्त्रीय काटेकोरपणाचे वाटे.

एकदा मी दारात पोचलो तर आत दूध करपल्याचा वास कोंदला होता. डॉक्टर गॅसपासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्यांची पाठ शेगडीकडे. मी धावत जाऊन बटण बंद केले. पातेल्याच्या बुडाचा कोळसा झाला होता.

"डॉक्टर! वास आला नाही?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "बरीच वर्षं येत नाही," ते म्हणाले. "एक ताप आला होता मोठा. ताप गेला, बरोबर हे घेऊन गेला. डोळे आणि बोटं यांच्यावर भागवतो. म्हणून तर पैलवान दाणे घालतोय हे मला कळलं नाही. नाक असतं तर तिथं पाय ठेवताच दाण्यांचा वास आला असता." मग हसून, "तुमचं नाक कोरं म्हणालो ते खरंच होतं. माझं त्याहून कोरं."

 मी विचारले, "सगळ्यात जास्त कशाचा आठवतो?"

"गोठ्याचा. शेण, गवत आणि जनावराचं अंग, तिन्ही मिळून. म्हणजे होता एवढं आठवतं. कसा होता ते आठवत नाही. पैलवानाला सांगू नका हं. त्याला वाटतं मी वासावरून जनावर ओळखतो."

मी पातेले घासायला घेतले. त्यांनी अडवले नाही. त्यानंतर मी वास सांगताना घाई केली नाही. नुसते "खवट" म्हणून सुटका करून घेणे मला आता अपुरे वाटू लागले. देवतेच्या ध्यानाचे वर्णन मुलांना सांगताना मी जसा मुकुटापासून पावलांपर्यंत एकेक अंग उभे करीत असे, तसा वास उभा करू लागलो.

निकाल उघड होता. डावी वाटी दाण्याची, उजवी नव्या खुराकाची. मार्थाबायना बोलावले, त्यांनी दोन्ही हुंगल्या आणि मान डोलावली. पैलवानाने त्यांच्यासमोर हात जोडून सांगितले, "दाणं बंद. माझ्या आईशपथ."

पण मार्थाबाय सहज मानणाऱ्या नव्हत्या. "खिडकीतली वाटी येगळी, बोटीवरचो चोरीस येगळो. थंय इंजिनाची धग, खाऱ्या वाऱ्याची वल. माझो भाचो जाता बोटीर. नव्या डुकराची येक माळ त्येका देतंय. तो परत येयपर्यंत मी काय बोलूचंय नाय." त्यांच्या नावाचा प्रश्न होता, आणि त्यांचे चुकत नव्हते. तोवर पैलवानाने डुकरे सांभाळावी आणि डॉक्टरांच्या पेन्शनीवर त्यांचा खुराक चालावा, असे ठरले.

दिवस गेले. भाच्याची बोट कुठे आहे, हे मार्थाबायनाही नक्की माहीत नसे. दरम्यान डॉक्टरांचे गुडघे कुरकुरू लागले, जिने जड झाले, आणि नागपूरच्या मुलीने आग्रह धरला. ते टाळत राहिले. "बोट येऊ दे," म्हणत. शेवटी घर विकले गेले, जाण्याचा दिवस आला, आणि बोट आली नव्हती.

त्या सकाळी खाली टेंपो उभा होता. पैलवान सामान उचलू शकत नसल्याने ते चढवणाऱ्यांना ओरडून सूचना देत होता, डोळे पुशीत होता आणि पुन्हा ओरडत होता. डॉक्टर रिकाम्या खोलीत एका खोक्यावर बसले होते. माझे स्नान, पूजा आटोपली होती. कपाळाचे गंध ओले होते. तेवढ्यात जिन्यातून मार्थाबायचा आवाज आला. "थांबा, थांबा! भायर पडा नको!" त्यांच्यामागे उन्हाने रापलेला एक तरुण खलाशी, खांद्यावर पिशवी. भाचा आदल्या रात्री उतरला होता.

"मावशीनं दम दिला होता," तो म्हणाला. "सगळे खा, पण दोन गाठी परत आणल्या नाहीस तर घरात घेणार नाही म्हणाली. माझ्या सोबत्यांनी किती मागितल्या!" त्याने पिशवीतून फडके काढले, त्यात गडद लाल दोन गाठी. फडके कोरडे होते. डॉक्टरांनी आधी ते फडकेच पाहिले, बोटांनी चाचपले.

पैलवान दारात येऊन थांबला होता. त्याने ओरडणे बंद केले होते.

"तुमीच सांगा, मार्थाबाय," डॉक्टर म्हणाले.

"माका काल रातीच कळला," त्या म्हणाल्या. "पण माझां नाक माझ्या धंद्याचां. ठरला तसां शास्त्रींनी सांगूचां."

मी गंधाला हात लावला. पूजा झालेली. मी काही बोलण्याआधीच आमच्या दारातून पत्नीचा आवाज आला, "घ्या. मी पाणी परत तापत ठेवते."

मी फडके दोन्ही हातांत घेतले. मांसाला शिवलो नाही, पण आयुष्यात त्याच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"आधी व्हिनेगर," मी म्हणालो. "पण तीक्ष्ण नाही, मुरलेले, कैरीच्या लोणच्याचा खार जुना होतो तसे. मग मिरची, तिखट नव्हे, उन्हात वाळलेल्या मिरचीच्या देठाचा वास. लसूण मागे आहे. धूर सर्वांवर, होम शांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुंडाशी बसले म्हणजे येतो तसा."

"त्याखाली?" डॉक्टरांनी विचारले.

मी पुन्हा श्वास घेतला, सावकाश. "त्याखाली चरबी आहे. गोडसर. कोमट दुधासारखी, थोड्या ओल्या तांदळासारखी. पहिल्या दिवशी वाटीत होती तीच. दाणे नाहीत. रंगाचा दर्प नाही. जुने तेल नाही."

"म्हंजी?" पैलवानाने दारातून विचारले. 

मार्थाबाय त्याच्याकडे वळल्या. "म्हंजे पुढल्या मयन्याक डुकरां धाड. आणि दाणे तू खा, मेल्या, जरा अंगाक लाव!"

पैलवान तिथेच उंबऱ्यावर मटकन बसला, आणि हसू लागला. भाचा, मार्थाबाय, माझी पत्नी, सारेच हसले. डॉक्टर मात्र तसेच, मिटल्या डोळ्यांनी.

"आला," ते हळूच म्हणाले.

"काय आला?"

"तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा. जरासा."

खरोखर आला की नाही, हे मला ठाऊक नाही. मी विचारलेही नाही. खाली टेंपोवाल्याने भोंगा वाजवला. डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर करून त्याला थांबण्याची खूण केली, जणू तो त्यांना पाहू शकत होता. मी फडके पुन्हा नाकाशी धरले आणि पहिल्यापासून सांगू लागलो.